स्टेगमन रोडचा इमाम

1960 च्या दशकात केप टाउनच्या काळ्या वस्त्यांमध्ये एक फिरता विक्रेता सगळ्यांच्या ओळखीचा होता. अंगात नीटनेटका सूट, कातरलेली दाढी, डोक्यावर फेज टोपी आणि गाडीत विल्सन-राउनट्री या ब्रिटिश कंपनीच्या गोळ्या-चॉकलेटांचा माल. लांगा, न्यांगा, गुगुलेतू या वस्त्यांमध्ये शिरायला बाहेरच्या माणसाला परवाना लागे. सरकारी वर्गवारीत जो ‘आफ्रिकन’ नाही, त्याचं तिथे काही कामच नाही, असा तो कायदा. पण दुकानदारांना माल तर पोचायला हवा. त्यामुळे चॉकलेटवाल्याला वाट मोकळी होती.

वस्तीतले लोक या विक्रेत्याला ‘मफुंडिसी’ म्हणत. खोसा भाषेतला हा शब्द गुरुजी, धर्मोपदेशक अशा माणसासाठी वापरतात. चॉकलेटवाल्याला गुरुजी का म्हणायचं, हा प्रश्न तिथे कुणाला पडत नसे. दुकानात माल उतरवून झाला की हे गृहस्थ एखाद्या घरात डोकावत. तिथला कमावता माणूस तुरुंगात असे, किंवा परागंदा. घरात पीठ आहे का, भाडं भरलंय का, पोरं शाळेत जातात का, याची विचारपूस होई आणि निघताना मागे थोडे पैसे राहत.

शुक्रवारी दुपारी हेच गृहस्थ शहराच्या दुसऱ्या टोकाला, क्लेरमाँट उपनगरातल्या स्टेगमन रोडवरच्या अल-जामिया मशिदीत मिंबरवर उभे राहून खुतबा म्हणजे प्रवचन देत. त्यांचं नाव इमाम अब्दुल्ला हारून. 1969 मध्ये पोलीस कोठडीत त्यांचा मृत्यू झाला तेव्हा ते पंचेचाळीस वर्षांचे होते.

केपचे मुसलमान फार जुने. डच ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकात तिथे ठाणं वसवलं, आणि राबायला गुलाम आणले ते जावा-सुलावेसीकडून, बंगाल आणि मलबारच्या किनाऱ्यावरून, पूर्व आफ्रिकेतून. पूर्वेकडच्या बेटांवर कंपनीशी भांडणाऱ्या सरदारांना आणि पीर-मौलवींनाही कंपनी केपलाच धाडून देई. आपल्याकडे काळ्या पाण्याला पाठवत तसं. मकासरचे शेख युसुफ 1694 मध्ये असेच आले. तिडोरचे राजपुत्र अब्दुल्ला कादी अब्दुस्सलाम 1780 मध्ये आले. रॉबेन बेटावरच्या कैदेत त्यांनी सबंध कुराण आठवणीतून लिहून काढलं. सुटल्यावर ते बो-काप भागात राहिले, मुलांना शिकवू लागले, आणि दक्षिण आफ्रिकेतली पहिली मशीद त्यांच्याच खटपटीतून उभी राहिली. लोक त्यांना तुआन गुरू म्हणत. मलायमधला तुआन म्हणजे साहेब, आणि गुरू तर आपलाच. म्हणजे त्या मुलखातल्या मौलवींच्या परंपरेचे मूळपुरुष कैदी होते. अब्दुल्ला हारून यांची गोष्ट सांगताना हे विसरून चालत नाही, जरी मधल्या पावणेदोनशे वर्षांत ती परंपरा स्वतःच ते बऱ्यापैकी विसरली होती.

हारून यांचा जन्म 8 फेब्रुवारी 1924 चा. पाच भावंडांतलं हे शेंडेफळ. काही महिन्यांचे असतानाच आई वारली. मूलबाळ नसलेल्या मरियम आत्यानं त्यांना वाढवलं. प्राथमिक शाळेपलीकडे शालेय शिक्षण झालं नाही, पण पोरगेल्या वयातच मक्केला धाडलं गेलं आणि तिथे शेख अब्दुररहमान अल-अलवी अल-मालिकी यांच्याकडे शिकून, कुराण मुखोद्गत करून ते परत आले. केपमध्येही मग जुन्याजाणत्या शेखांच्या पायाशी बसून शिकणं चालू राहिलं. 1950 मध्ये गलीमा सदान यांच्याशी लग्न झालं. तीन मुलं झाली: शमेला, मुहम्मद आणि धाकटी फातिमा.

1955 मध्ये स्टेगमन रोडच्या मशिदीनं त्यांना इमाम नेमलं, तेव्हा वय अवघं एकतीस. केपमध्ये इमामपद बहुधा बापाकडून मुलाकडे जाई आणि पांढऱ्या दाढीला मान असे. त्यात या नव्या इमामाची ख्याती अशी, की गृहस्थ कपड्यांचे शौकीन आणि रग्बी-क्रिकेटचे भलते वेडे. शनिवारी मैदानाच्या कडेला उभं राहून ओरडणारा माणूस शुक्रवारी आपल्याला धर्म काय सांगणार, असं काही बुजुर्गांना वाटलं असेल तर ते समजण्यासारखं आहे. तरण्या पोरांना मात्र हाच इमाम हवासा वाटला.

त्यांनी पहिलं काम केलं ते मशिदीचं दार सैल करण्याचं. प्रौढांसाठी वर्ग सुरू झाले. चर्चेच्या बैठकांना बायकांनी यावं आणि बोलावंही, असा आग्रह त्यांनी धरला. 1958 मध्ये क्लेरमाँट मुस्लिम युथ असोसिएशन निघाली. त्यातली पोरं ‘इस्लामिक मिरर’ नावाची पत्रिका काढत. 1960 च्या सुमारास ‘मुस्लिम न्यूज’ हे वर्तमानपत्र निघालं, त्याच्या संपादनातही इमामांचा हात होता. या सगळ्याचं मानधन असं काही नव्हतं. इमामपदावर घर चालत नसे, म्हणून तर चॉकलेटांची नोकरी.

इथे जरा थांबून त्या काळातल्या केपच्या मुसलमानांची मनःस्थिती पाहायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

1948 मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेदाला कायद्याची चौकट मिळू लागली. 1950 च्या लोकसंख्या नोंदणी कायद्यानं माणसांची वर्गवारी केली: गोरे, काळे, आणि मध्ये ‘कलर्ड’ म्हणजे मिश्रवर्णी. केपचे बहुतेक मुसलमान या मधल्या खान्यात पडले, ‘केप मलाय’ अशा पोटनावानं. मधल्या खान्याचा एक गुण असतो. वरून लाथ बसते, पण खाली अजून कुणीतरी आहे याचं समाधानही मिळतं. काळ्यांना खिशात पास बाळगावा लागे, तसा मलाय माणसाला लागत नव्हता. काही सरकारी विद्वानांना तर मलाय लोकांचं भारीच कौतुक: त्यांची गाणी, त्यांची लग्नं, त्यांचा स्वयंपाक. आणि मुख्य म्हणजे सरकारनं मशिदींना हात लावला नव्हता. बांग चालू होती, रोजे चालू होते, हजला जायला मुभा होती. मग राजकारणात पडायचंच कशाला? आपला दीन, म्हणजे धर्म, शाबूत आहे ना, असं म्हणणारे मौलवी थोडेथोडके नव्हते.

त्याच 1950 सालचा ग्रुप एरियाज अ‍ॅक्ट या युक्तिवादाच्या मुळावर आला. कुठल्या वर्णाच्या माणसानं शहराच्या कुठल्या भागात राहायचं ते सरकार ठरवणार. क्लेरमाँट हा टेबल माउंटनच्या पूर्व उतारालगतचा हिरवा, मोक्याचा भाग. तो गोऱ्यांना हवा होता. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मिश्रवर्णी कुटुंबांनी उठायचं आणि दूर, वाळूच्या सपाट माळावर वसवलेल्या केप फ्लॅट्सवर जायचं. हारून कुटुंबालाही जावं लागलं, अॅथलोनकडच्या क्रॉफर्डमध्ये. मशीद तेवढी जागेवर राहिली.

दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहावं. गल्ली तीच, मशीद तीच, आजूबाजूच्या घरांच्या खिडक्यांत मात्र परकी माणसं. शुक्रवारी नमाजी येतात ते लांबून, बस बदलत. नमाज संपली की पुन्हा बस. मुलांना संध्याकाळी मदरशात धाडायचं तर तेवढ्या अंतरावरून रोज कोण धाडणार? दीन शाबूत आहे म्हणणाऱ्यांना हारून यांनी दाखवलं ते हेच. सरकारनं मशीद पाडली नव्हती, फक्त तिच्या भोवतालची वस्ती उचलून नेली होती.

(याच काटछाटीत अॅथलोनला लागून असलेला राइलँड्स हा भाग भारतीय वंशाच्या लोकांना नेमून दिला गेला. तिथे कोकणी मुसलमानांची घरं बरीच. रायगड-रत्नागिरीतून, मोर्ब्यासारख्या गावांतून निघून मुंबईहून बोट धरून गेलेल्यांचे हे वंशज. राइलँड्सजवळची हबीबिया मशीद ज्या सूफीसाहेबांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभी केली, त्यांचं घराणंही कोकणातलंच. तेव्हा ही हकिकत आपल्याला वाटते तितकी परक्या मुलखातली नाही.)

21 मार्च 1960 रोजी शार्पव्हिलमध्ये पासच्या कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, 69 माणसं मेली. त्याच दिवशी केप टाउनच्या लांगा वस्तीतही गोळ्या झाडल्या गेल्या, माणसं मेली. त्यानंतर नऊच दिवसांनी लांगामधून तीसेक हजार काळे लोक चालत थेट शहराच्या मध्यात आले. आणीबाणी लागली, आफ्रिकन नॅशनल काँग्रेस आणि पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेस या दोन्ही संघटनांवर बंदी आली, धरपकड झाली. लांगा-न्यांगातली शेकडो घरं कर्त्या माणसांवाचून राहिली. हारून यांच्या गाडीची चाकं त्या वाटेला जास्त वळू लागली ती या सुमारास.

7 मे 1961 रोजी केप टाउनच्या ड्रिल हॉलमध्ये मुसलमानांची मोठी सभा झाली. त्याआधी ‘कॉल ऑफ इस्लाम’ या नावानं एक जाहीरनामा निघाला होता. त्यावर हारून यांच्या युवक संघटनेबरोबर इतर मुस्लिम संस्थांच्याही सह्या होत्या. ग्रुप एरियाज कायदा हा रानटी आहे आणि इस्लामच्या विरुद्ध आहे, असं त्यात स्वच्छ म्हटलेलं होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या मुसलमानांनी मुसलमान म्हणून वर्णभेदाविरुद्ध एवढ्या उघड बोलण्याची ही पहिली मोठी वेळ. पण जाहीरनाम्याचा जोर पुढे टिकला नाही. काही मान्यवर हळूहळू मागे सरले, कुणी धंद्याच्या काळजीनं, कुणी पोलिसांच्या. हारून पुढे जात राहिले, आणि त्यांच्या अवतीभोवती जागा रिकामी होत गेली.

पुढाऱ्यांच्या चरित्रांत भाषणं फार असतात. हारून यांच्या हकिकतीत भाषणांपेक्षा फेऱ्या जास्त आहेत. पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसशी त्यांचा संबंध जुळला तो या फेऱ्यांतूनच. बार्नी देसाई, कार्डिफ मार्नी या कलर्ड पुढाऱ्यांशी त्यांची दोस्ती होती आणि ते दोघे पुढे देश सोडून त्याच संघटनेत गेले. गुप्त काम किती, मदतकार्य किती, हे वेगळं काढणं कठीण. तुरुंगातल्या माणसाच्या घरी पीठ पोचवणं हाच त्या राज्यात अर्धा गुन्हा होता. खोसा घरांतून त्यांनी कुणाला कलमा पढवायची घाई केली नाही. काहींनी इस्लाम स्वीकारलाही, पण बहुतेकांना मफुंडिसी हवे होते ते मफुंडिसी म्हणून.

1966 आणि पुन्हा 1968 मध्ये ते हजच्या निमित्तानं बाहेर पडले. मक्केहून कैरोला गेले, तिथे देश सोडून आलेल्या दक्षिण आफ्रिकींना भेटले. सौदी शिक्षणमंत्र्यांच्या कानावर दक्षिण आफ्रिकेतल्या मुसलमानांचं गाऱ्हाणं घातलं. दुसऱ्या खेपेला लंडनलाही गेले. थोरली मुलगी शमेला तिथे होती. लंडनमध्येच सेंट पॉल्स कॅथीड्रलचे कॅनन जॉन कॉलिन्स यांची भेट झाली. वर्णभेदाच्या खटल्यांतल्या आरोपींना वकील देणं आणि त्यांच्या घरच्यांना पैसे पोचवणं, हे काम कॉलिन्स यांचा निधी करत असे. पैसे लंडनहून निघत. पण गुगुलेतूतल्या अमुक एका दारापर्यंत ते नेऊन देणारा भरवशाचा माणूस लागे. असा माणूस कोण, ते वाचकांच्या ध्यानात आलंच असेल.

तोच काळ बॅसिल डॉलिव्हेराचा. बो-कापच्या सिग्नल हिलवर खडकाळ मैदानांत खेळलेला हा मिश्रवर्णी फलंदाज इंग्लंडला जाऊन इंग्लंडकडून खेळू लागला. 1968 च्या दक्षिण आफ्रिकेच्या हिवाळी दौऱ्यासाठी त्याचं नाव संघात येताच तिथले पंतप्रधान फोर्स्टर यांनी या संघाला आमच्या देशात येऊ देणार नाही, असं म्हटलं. दौराच रद्द झाला. क्रिकेटवेड्या इमामांनी ही बातमी कशी वाचली असेल, याची कल्पना आपण मराठी माणसं सहज करू शकतो.

मित्र सांगत होते, परत जाऊ नका. सुरक्षा पोलीस मागावर आहेत हे त्यांनाही कळत होतं. कुटुंबासह कॅनडाला स्थलांतर करण्याचा विचार झाला, अर्जही झाला. पण ते केपला परतले.

28 मे 1969. इस्लामी पंचांगात रबी-उल-अव्वलची बारावी, पैगंबरांचा जन्मदिवस. केपमध्ये हा दिवस मोठ्या थाटात साजरा होतो. बायका मशिदीत बसून संत्र्या-लिंबाची पानं बारीक चिरतात, त्यांवर अत्तर शिंपडतात, कागदाच्या पुड्या बांधून पुरुषांना वाटतात. सगळ्या मशिदीला तो वास राहतो. त्या दिवशी इमामांना सुरक्षा पोलिसांनी उचललं. 1967 च्या दहशतवाद कायद्याचं कलम 6 लावण्यात आलं. या कलमाखाली माणसाला वाटेल तितके दिवस ठेवता येई. आरोप सांगायची गरज नाही, वकील नाही, भेट नाही, न्यायालयाला विचारण्याचा अधिकार नाही. त्याच महिन्यात, याच कायद्याखाली जोहान्सबर्गच्या बाजूला विनी मंडेलांना उचललं होतं.

सुरुवातीला कॅलेडन स्क्वेअरच्या पोलीस ठाण्यात, मग मेटलंडच्या कोठडीत. एकूण 123 दिवस. घरून जेवण नेऊन देण्याची सोय होती, कारण इमामांना हलाल अन्न हवं. गलीमा जेवण पाठवत. डबा आत जाई, रिकामा डबा परत येई, आणि नवरा जिवंत आहे याचा अंदाज बांधायला तेवढाच काय तो आधार.

बाहेर समाज गप्प होता. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहायला हवं. उलेमांची संघटना, मुस्लिम ज्युडिशियल कौन्सिल, त्या चार महिन्यांत उघडपणे त्यांच्या बाजूनं उभी राहिली नाही. ज्या वर्तमानपत्रासाठी ते खपले त्यानंही त्यांच्या अटकेवर आवाज उठवला नाही. संसदेत विरोधी बाकांवरच्या कॅथरीन टेलर यांनी प्रश्न केला, इमामांना का ठेवलंय? त्या गोऱ्या, ख्रिस्ती बाई. भीती खरी होती, आणि कलम 6 कुणालाही लागू शकत होतं, हे सगळं मान्य. तरीही तुआन गुरूंच्या वारसांना त्या मौनाचा जाब पुढे कित्येक वर्षं त्यांच्याच मुलांनी विचारला.

27 सप्टेंबर, शनिवारी, घरी निरोप आला तो मृत्यूचा. पोलिसांचं म्हणणं: इमाम काही दिवसांपूर्वी दगडी जिन्यावरून घसरून पडले होते.

मुसलमानांत मयताला गुसल घालतात. आंघोळ घालणारे हात जवळच्या माणसांचे असतात, आणि त्या हातांपासून काही लपत नाही. शवचिकित्सेत तर पुढे नोंदलंच गेलं, दोन डझनांहून जास्त वण आणि मोडलेली बरगडी. पण ते कागद यायच्या आधीच गुसल घालणाऱ्यांनी पाहिलं होतं, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या केप फ्लॅट्सला माहीत झालं होतं.

सोमवारी, 29 सप्टेंबरला, अॅथलोनच्या सिटी पार्क मैदानावर जनाज्याची नमाज झाली. हे रग्बीचं मैदान. तीस-चाळीस हजार माणसं जमली. तिथून मोब्रेच्या मुस्लिम कबरस्तानापर्यंत सुमारे दहा किलोमीटर, आणि केपच्या रिवाजाप्रमाणे जनाजा खांद्यावरून. एक खांदा निघाला की दुसरा लागतो, प्रत्येकाला चार पावलं तरी मिळावी म्हणून माणसं पुढे धावत जाऊन उभी राहतात. चार महिने गप्प राहिलेलं शहर त्या दिवशी रस्त्यावर होतं. त्यात काळ्या वस्त्यांतले लोकही होते, ख्रिस्तीही होते.

त्याच रात्री दहाच्या सुमारास जमीन हादरली. केप टाउनच्या ईशान्येला, टुलबाख-सेरेसच्या खोऱ्यात 6.3 तीव्रतेचा भूकंप झाला. तिथे घरं कोसळली, माणसं दगावली, आणि शहरातही भांडी पडली, लोक अंगावरच्या कपड्यांनिशी रस्त्यावर आले. दक्षिण आफ्रिकेच्या नोंदीतल्या सर्वात विध्वंसक भूकंपांपैकी हा एक. भूगर्भशास्त्र आपल्या जागी. पण ज्यांनी दुपारी इमामांना माती दिली होती, त्यांना त्या रात्री भूगर्भशास्त्र सांगायला कुणी गेलं नसेल. केपमधल्या अनेकांच्या आठवणीत इमामांचा जनाजा आणि तो भूकंप एकत्रच राहिले.

आठवड्याभरात, 6 ऑक्टोबरला, लंडनच्या सेंट पॉल्समध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना झाली. कॅनन कॉलिन्स यांनी ती घडवून आणली. त्या कॅथीड्रलमध्ये एखाद्या मुसलमानाचं असं स्मरण प्रथमच होत होतं.

1970 च्या सुरुवातीला मृत्यूची न्यायालयीन चौकशी झाली. मॅजिस्ट्रेट कून यांच्यासमोर सुरक्षा पोलिसांनी जिन्याची गोष्ट सांगितली: 19 सप्टेंबरला नेताना पडले. इमामांच्या अंगावरचे वण वेगवेगळ्या दिवसांचे होते, काही जुने, काही ताजे, हे डॉक्टरांच्या साक्षीतून पुढे आलं. एकदा पडलेल्या माणसाच्या अंगावर वेगवेगळ्या तारखांच्या जखमा कशा, हा साधा प्रश्न आहे. मॅजिस्ट्रेटनी निष्कर्ष दिला तो वाचण्याजोगा: जखमांचा बराचसा भाग जिन्यावरून अपघातानं पडण्यामुळे झाला, उरलेल्या जखमा कशानं झाल्या हे उपलब्ध पुराव्यावरून ठरवता येत नाही. ‘उरलेल्या’ या शब्दावर सरकारी कागद बंद झाला. पुढे सरकारनं गलीमांना पाच हजार रँड दिले, कुठलीही जबाबदारी न स्वीकारता, मेहेरबानी म्हणून.

पण कागद बंद झाला तरी गोष्ट बंद होईना. 1971 मध्ये बर्नार्ड रँकमोर नावाचे अँग्लिकन पाद्री सिग्नल हिलवरच्या एका मुसलमान पीराच्या दर्ग्यात जाऊन बसले आणि इमामांच्या मृत्यूची खरी चौकशी व्हावी म्हणून त्यांनी उपोषण आरंभलं. पाद्री, दर्ग्यात, इमामासाठी. आधी चाळीस दिवसांचा निश्चय होता, तो ताणत सदुसष्ट दिवसांवर गेला. रोज लोक डोंगर चढून त्यांना पाहायला येत. पंतप्रधान फोर्स्टर ढिम्म हलले नाहीत. रँकमोर उठले तेव्हा हाडांचा सापळा झाले होते.

बार्नी देसाई आणि कार्डिफ मार्नी यांनी परदेशात बसून ‘द किलिंग ऑफ द इमाम’ हे पुस्तक लिहिलं, ते 1978 मध्ये निघालं. पुढच्या पिढीनं आणखी एक गोष्ट केली. 1984 मध्ये फरीद इसाक, इब्राहिम रसूल वगैरे तरुण मुसलमानांनी वर्णभेदाविरुद्ध लढणारी संघटना काढली आणि तिला नाव दिलं ‘कॉल ऑफ इस्लाम’, म्हणजे 1961 च्या त्या जाहीरनाम्याचंच. त्या दशकात केपच्या मशिदींतून निघणाऱ्या मोर्च्यांत इमाम पुढे असत. रसूल नंतर वेस्टर्न केप प्रांताचे मुख्यमंत्री झाले.

1994 मध्ये राज्य बदललं. रस्त्यांची नावं बदलली. क्लेरमाँटहून अॅथलोनकडे जाणारा लान्सडाउन रोड आता इमाम हारून रोड आहे. ज्या वाटेनं हारून कुटुंबाला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना क्लेरमाँटमधून हाकलून दिलं, साधारण तीच ही दिशा. 2014 मध्ये सरकारनं ऑर्डर ऑफ लुथुली हा सन्मान मरणोत्तर दिला. 1970 चा तो निष्कर्ष मात्र सरकारी दप्तरात तसाच होता. कायद्याच्या दृष्टीनं इमाम अजून जिन्यावरूनच पडले होते.

घरच्यांनी तो पाठपुरावा सोडला नाही. अखेर नोव्हेंबर 2022 मध्ये वेस्टर्न केप उच्च न्यायालयात न्यायमूर्ती डॅनियल थुलारे यांच्यापुढे चौकशी पुन्हा उघडली. न्यायाधीशांनी मेटलंडच्या कोठडीची, कॅलेडन स्क्वेअरच्या जिन्याची जागेवर जाऊन पाहणी केली. थिवाश मूडली या तज्ज्ञानं पायऱ्यांची मापं घेऊन, पडण्याच्या शक्यता मांडून दाखवलं, की पोलिसांनी सांगितलं तसं पडून अशा जखमा होत नाहीत. न्यायवैद्यक डॉक्टरांनी जुनी शवचिकित्सा पुन्हा तपासली. मागे ‘कशानं झाल्या ते ठरवता येत नाही’ म्हटलेल्या जखमांचा हिशेब या खेपेला एकेक करून लागला.

9 ऑक्टोबर 2023 रोजी निकाल आला. इमामांचा मृत्यू सुरक्षा पोलिसांच्या छळानं झाला. ते जिन्यावरून पडले नव्हते. 1970 चा निष्कर्ष रद्द. कोठडीत इमामांची चौकशी करणारे सुरक्षा पोलीस स्पाइकर व्हान वाइक आणि डर्क गेनिस यांच्यावर न्यायालयानं ठपका ठेवला. खटला भरायला त्यांच्यापैकी कुणी जिवंत नव्हतं. वडील गेले तेव्हा सहा वर्षांची असलेली फातिमा आता साठीला आली होती. मुहम्मद प्राध्यापकी करून, वडिलांच्या काळाचा इतिहास लिहून म्हातारे झाले होते.

गलीमा त्या दिवशी न्यायालयात नव्हत्या. 2019 मध्ये, त्र्याण्णव वर्षांच्या होऊन त्या वारल्या. तारीख होती 29 सप्टेंबर. मोब्रेच्या कबरस्तानात इमामांना ठेवलं, त्याला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षं झाली होती.